नोंद आणि कथन : उत्तर अमेरिकेतील मूळनिवासी ‘टू-स्पिरिट’ लेखकांच्या वाङ्मयाचा एक अभ्यास

विषयप्रवेश

इतिहासलेखनात साधनांचा प्रश्न सर्वप्रथम उपस्थित होतो. ज्यांनी लिहिले त्यांचे ग्रंथ टिकतात. ज्यांच्याविषयी लिहिले गेले त्यांचा शब्द बहुधा लोप पावतो. पालि वाङ्मयाच्या अभ्यासकास हा प्रश्न पदोपदी भेटतो. आजीवक हा एके काळी भारतातील एक प्रबळ श्रमण संप्रदाय होता. बराबर टेकडीवरील लेणी सम्राट अशोकाने आजीवकांना दान दिल्याचे शिलालेख आजही वाचता येतात. परंतु आजीवकांचा स्वतःचा एकही ग्रंथ आज उपलब्ध नाही. मक्खलि गोसालाचे मत काय होते, हे आपणांस बौद्ध व जैन ग्रंथांतून, म्हणजे त्याच्या प्रतिपक्षाच्या मुखातून ऐकावे लागते. ते वर्णन सर्वस्वी खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. पण ते प्रतिपक्षाचे आहे हे विसरून ते वाचणे, हा अभ्यासातील दोष ठरेल.

हीच दृष्टी ठेवून प्रस्तुत लेखात आम्ही एका दूरदेशीच्या वाङ्मयाचा परिचय करून देत आहोत. अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा या देशांतील मूळनिवासी जमातींमध्ये अशी माणसे पूर्वापार होती, की ज्यांना केवळ ‘पुरुष’ अथवा केवळ ‘स्त्री’ या शब्दांत बसविता येत नसे. सुमारे चार शतके त्यांच्याविषयी इतरांनीच लिहिले. १९७५ च्या सुमारापासून मात्र त्यांच्या वंशजांनी स्वतःविषयी कविता, कथा व कादंबऱ्या लिहिण्यास आरंभ केला. जमीन आणि मुले हिरावली जाणे हा एक अन्याय, आणि स्त्री-पुरुष या साच्याबाहेरील जगणे गुन्हा ठरणे हा दुसरा. या दोन गोष्टी मुळात एकाच इतिहासाच्या होत्या, हे या लेखकांनी दाखवून दिले. त्यांच्या वाङ्मयाचे महत्त्व आमच्या मते यात आहे, आणि याच कारणासाठी ते आपल्या वाचकांपुढे यावे असे आम्हांस वाटते.

प्रतिपक्षाची नोंद

या लोकांविषयीच्या सर्वांत जुन्या युरोपीय नोंदींपैकी एक रक्ताने माखलेली आहे. १५१३ साली स्पॅनिश सरदार बाल्बोआ हा आजच्या पनामामधील क्वारेक्वा येथे पोहोचला. तेथील सरदाराच्या घरी स्त्रीवेष धारण केलेले पुरुष त्यास आढळले. त्यांतील सुमारे ४० जणांना त्याने शिकारी कुत्र्यांपुढे टाकून मारविले, असे पीटर मार्टर या समकालीन इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. पुढे १५९४ साली थिओडोर द ब्री याने या प्रसंगाचे चित्र कोरून छापले व ते युरोपभर पसरले. मारल्या गेलेल्यांपैकी एकाचेही नाव या नोंदीत नाही. त्यांच्या समाजात त्यांचे स्थान काय होते, हे विचारण्याची गरज लिहिणाऱ्यास भासली नाही.

उत्तरेकडे आलेल्या फ्रेंच प्रवाशांनी अशा व्यक्तींसाठी ‘बेर्दाश’ हा शब्द रूढ केला. हा शब्द मूळ फारसीतील असून त्याचा अर्थ ‘बंदिवान’ अथवा ‘गुलाम’ असा होतो; अरबी, इटालियन व फ्रेंच भाषांतून फिरत तो अमेरिकेत आला आणि वाटेत त्यास निंदाव्यंजक अर्थ चिकटला. विसाव्या शतकातील मानववंशशास्त्रज्ञांनी तोच शब्द शास्त्रीय परिभाषा म्हणून स्वीकारला. ज्यांना कोणी कधी गुलाम केले नव्हते, अशा माणसांना गुलामाचे नाव देऊन त्यांच्यावर प्रबंध लिहिले गेले.

सर्वच नोंदी द्वेषमूलक होत्या असे मात्र नाही. न्यू मेक्सिकोतील झूनी जमातीमध्ये वेवा नावाची एक विख्यात व्यक्ती होऊन गेली (सुमारे १८४९ ते १८९६). जन्माने पुरुष, वेषाने व कामाने बहुतांशी स्त्री, विणकाम व कुंभारकाम यांत निष्णात आणि धर्मविधींची जाणकार अशी वेवाची ख्याती होती. झूनी भाषेत अशा व्यक्तीस ‘ल्हामाना’ म्हणतात. मॅटिल्डा कॉक्स स्टीव्हन्सन या अभ्यासिकेने वेवाशी मैत्री जोडली आणि १८८६ साली वेवाला वॉशिंग्टन येथे नेले. तेथे वेवाने सुमारे सहा महिने वास्तव्य केले आणि राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांची भेटही घेतली. राजधानीतील प्रतिष्ठित मंडळींना ही एक झूनी ‘राजकन्या’ आहे असे वाटत होते. स्टीव्हन्सन यांनी १९०४ साली प्रसिद्ध केलेल्या झूनी जमातीवरील ग्रंथात वेवाच्या मृत्यूने सारे गाव शोकाकुल झाल्याचे आपुलकीने नोंदविले आहे. ही नोंद मोलाची आहे. तरीही वेवास स्वतःच्या आयुष्याविषयी काय वाटत होते, हे वेवाच्या शब्दांत आपणांस कोठेही वाचावयास मिळत नाही. सहृदय निरीक्षकाची नोंद झाली तरी ती नोंदच असते. ती कथनाची जागा घेऊ शकत नाही.

शाळा, कात्री आणि पोशाख

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नोंदीचे रूपांतर शासनात झाले. १८७९ साली पेनसिल्व्हेनिया राज्यात कार्लाइल येथे मूळनिवासी मुलांसाठी सरकारी निवासी शाळा उघडण्यात आली व तिच्या नमुन्यावर अनेक शाळा निघाल्या. मुलांचे केस कापणे, त्यांची नावे बदलणे, मातृभाषा बोलल्यास शिक्षा करणे आणि मुलगे व मुली यांना वेगवेगळा गणवेश, वेगवेगळे निवास व वेगवेगळी कामे देणे हा तेथील नित्यक्रम होता. १८८३ साली अमेरिकन सरकारने मूळनिवाशांसाठी अपराधांची एक नियमावली तयार केली. तिच्यामुळे त्यांचे पारंपरिक नृत्यविधी आणि वैदूंचे विधी हे दंडनीय ठरले. ज्या विधींमध्ये या व्यक्तींना मानाचे स्थान होते, ते विधीच अशा रीतीने गुन्हा झाले.

या काळातील एक हकीकत उल्लेखनीय आहे. क्रो जमातीमध्ये ओश-टिश नावाची व्यक्ती होती (१८५४ ते १९२९). स्त्रीवेषात राहणारी ही व्यक्ती १८७६ सालच्या रोजबडच्या लढाईत लढली होती. १८९० च्या दशकात एका सरकारी अधिकाऱ्याने ओश-टिश व अशाच इतरांना पकडून त्यांचे केस कापविले, त्यांना पुरुषी कपडे घालावयास लावले आणि अंगमेहनतीच्या कामास जुंपले. त्यावर क्रो जमातीचा प्रमुख प्रिटी ईगल याने त्या अधिकाऱ्यास जमातीच्या भूमीतून निघून जाण्यास बजावले. ही हकीकत क्रो इतिहासकार जो मेडिसिन क्रो यांनी १९८२ साली एका संशोधकास सांगितली, म्हणून आज ती उपलब्ध आहे. जवळजवळ नव्वद वर्षे ती लोकांच्या स्मरणात राहिली होती.

कॅनडामध्ये सरकार व ख्रिस्ती चर्च यांनी मिळून चालविलेल्या निवासी शाळांतून सुमारे १,५०,००० मुले गेली. शेवटच्या शाळा १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बंद झाल्या. या शाळांमधील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य व सलोखा आयोगाने २०१५ साली आपला अंतिम अहवाल दिला. या शाळांचा एक परिणाम आमच्या विषयाशी निगडित आहे. पाद्र्यांनी शिकविलेले पाप-पुण्याचे विचार मुलांनी घरी नेले आणि दोन-तीन पिढ्यांत तेच विचार ‘आपली परंपरा’ म्हणून ओळखले जाऊ लागले. ज्या कुटुंबांत पूर्वी अशा मुलास आजी मायेने जवळ घेत असे, त्याच कुटुंबांत आता त्यास घराबाहेर काढले जाऊ लागले. बाहेरून आलेली निंदा आतली होऊन बसली.

कथनाचा आरंभ

१९७५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे लाकोटा जमातीच्या बार्बरा कॅमेरॉन आणि उत्तर पायूट जमातीचे रँडी बर्न्स यांनी ‘गे अमेरिकन इंडियन्स’ ही संस्था स्थापन केली. शहरात आलेल्या या तरुण-तरुणींची कोंडी दुहेरी होती. समलिंगी लोकांच्या चळवळीत गोऱ्यांचे वर्चस्व व वर्णद्वेष होता. आपल्या जमातीत परतावे तर तेथे तिरस्कार होता. त्याच सुमारास मोहॉक कवी मॉरिस केनी यांनी आपल्या पूर्वजांतील अशा व्यक्तींचा मागोवा घेणारा एक निबंध प्रसिद्ध केला. जुन्या नोंदी त्यांनी पुन्हा वाचल्या, पण या वेळी वाचणारा त्या नोंदींतील लोकांचाच वंशज होता.

१९८३ साली बेथ ब्रँट (१९४१ ते २०१५) यांनी ‘अ गॅदरिंग ऑफ स्पिरिट’ हा मूळनिवासी स्त्रियांच्या लेखनाचा संग्रह संपादित केला. मूळनिवासी स्त्रियांच्या लेखनाचा, मूळनिवासी स्त्रीनेच संपादिलेला हा पहिला संग्रह मानला जातो, आणि त्यात समलिंगी स्त्रियांचे लेखन इतरांच्या बरोबरीने आले. ब्रँट या मोहॉक होत्या व त्यांनी वयाच्या चाळिशीत लेखनास प्रारंभ केला. लागुना प्वेब्लो परंपरेतील विदुषी पॉला गन ॲलन (१९३९ ते २००८) यांनी १९८६ सालच्या ‘द सेक्रेड हूप’ या निबंधसंग्रहात, स्त्रियांचा मान नष्ट करणे आणि समलिंगी व्यक्तींचा मान नष्ट करणे ही वसाहतवादाची एकच कृती होती, असे प्रतिपादन केले. १९८८ साली ‘लिव्हिंग द स्पिरिट’ हा संग्रह निघाला. उपर्युक्त संस्थेने तो सिद्ध केला व विल रॉस्को यांनी संपादनाचे काम पाहिले. कथा-कवितांच्या जोडीला शंभराहून अधिक जमातींमध्ये अशा व्यक्तींसाठी असलेल्या शब्दांची व भूमिकांची सूची त्यात दिली आहे. एखाद्या समाजाने आपल्या हरवलेल्या माणसांची नावे एकत्र करावीत, असे त्या सूचीचे स्वरूप आहे.

येथे ब्रँट यांच्या एका कथेचा थोडा विस्ताराने विचार करणे आवश्यक आहे. १९८५ सालच्या ‘मोहॉक ट्रेल’ या पुस्तकात ‘अ लाँग स्टोरी’ नावाची कथा आहे. तिच्यात दोन स्त्रियांची कथने आळीपाळीने येतात. पहिली स्त्री १८९० सालातील आहे. तिची मुले सरकारी शाळेसाठी आगगाडीत बसवून नेली गेली आहेत. दुसरी स्त्री १९७० च्या दशकाच्या अखेरची आहे. ती दुसऱ्या स्त्रीसमवेत राहते, एवढ्या कारणावरून तिची मुलगी तिच्यापासून हिरावून पूर्वीच्या पतीकडे दिली गेली आहे. दोघींच्या मध्ये जवळजवळ नव्वद वर्षांचे अंतर आहे. दोघींचे दुःख मात्र वाचकास एकाच आईचे वाटू लागते. कथेचे नाव ‘लांबलेली गोष्ट’ अशा अर्थाचे आहे, ते यासाठीच. ‘तू आई होण्यास लायक नाहीस’ हा निर्णय देणारी सत्ता दोन्ही वेळा एकच आहे. तिने कारण तेवढे बदलले आहे.

इतिहासकारास ही गोष्ट कागदपत्रांतून सिद्ध करावयाची तर फार सायास पडले असते. शाळांची दप्तरे एका खात्यात, न्यायालयांचे निकाल दुसऱ्या खात्यात. दोहोंचा अभ्यास करणारे विद्वानही वेगळे. कथेने त्या दोन कप्प्यांमधील भिंत काढून टाकली. ललित वाङ्मय हे इतिहासाचे साधन कसे होऊ शकते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

नावाचा प्रश्न

नामकरणाचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आपल्या वाचकांस परिचित आहे. इतरांनी लादलेली नावे टाकून स्वतःचे नाव स्वतः घेणे हा मुक्तीच्या लढ्याचा भाग असतो, हे आपण अनुभवाने जाणतो. ‘इंडियन’ हे नाव तर कोलंबसाच्या भूगोलविषयक चुकीतून आलेले. १९९० साली कॅनडातील विनिपेग येथे मूळनिवासी समलिंगी स्त्री-पुरुषांचे तिसरे आंतरजमातीय संमेलन भरले. ‘बेर्दाश’ हा शब्द त्याज्य ठरवून त्याऐवजी ‘टू-स्पिरिट’, म्हणजे ‘द्वि-आत्मिक’ अथवा अंगी दोन आत्मे असलेली व्यक्ती, हे नाव तेथे स्वीकारण्यात आले. ओजिब्वे भाषेतील ‘नीझ मनिडूवग’ या शब्दांचे ते इंग्रजी रूप होय. अनात्मवाद मानणाऱ्या वाचकांनी येथे ‘आत्मा’ हा शब्द तात्त्विक अर्थाने घेऊ नये. त्या लोकांच्या बोलण्यात तो वृत्ती व प्रेरणा यांच्या जवळचा आहे.

हे नाव सर्व जमातींचे प्राचीन नाव नाही. नवाहो भाषेत ‘नाद्लेही’, लाकोटा भाषेत ‘विंक्ते’, झूनी भाषेत ‘ल्हामाना’ असे वेगवेगळे शब्द आहेत आणि त्यांचे अर्थही एकसारखे नाहीत. नवे नाव हे एकत्र येण्यासाठी घेतलेले समान छत्र आहे, ही जाणीव तेथील लेखकांनीच व्यक्त केली आहे.

भाषेचा मुद्दा पुढील लेखकांनी अधिक सखोल केला. क्री लेखक टॉमसन हायवे (जन्म १९५१) यांनी वारंवार सांगितले आहे की क्री भाषेत ‘तो’ आणि ‘ती’ असा भेदच नाही. तेथे भेद आहे तो सजीव आणि निर्जीव यांमधील. वाचकांनी याची मराठीशी तुलना करून पाहावी. आपल्या भाषेत ‘गेला’, ‘गेली’ की ‘गेले’ हे ठरविल्याखेरीज साधे वाक्यही पुरे होत नाही. पालीतही पुल्लिंग, इत्थिलिंग व नपुंसकलिंग अशी तीन लिंगे आहेत. वेवाविषयी वर लिहिताना आम्ही ‘व्यक्ती’ या शब्दाचा आधार घेतला, तो याच अडचणीमुळे. क्री मुलास शाळेत इंग्रजी शिकविताना त्यास केवळ नवी भाषा दिली गेली नाही; जगाचे दोन भाग करण्याची सवयही दिली गेली.

हायवे यांची ‘किस ऑफ द फर क्वीन’ ही कादंबरी १९९८ साली प्रसिद्ध झाली. दोन क्री भाऊ निवासी शाळेत पाठविले जातात; तेथे पाद्र्याकडून त्यांचे लैंगिक शोषण होते; पुढे एक संगीतकार होतो व दुसरा नर्तक. धाकटा भाऊ समलिंगी असून अखेरीस एड्सने मरण पावतो. लेखकाचे नर्तक बंधू रेने हायवे हे १९९० साली याच आजाराने मृत्यू पावले होते. क्री लोककथांतील रूप बदलणारे खोडकर पात्र, जे स्त्रीही होते व पुरुषही, ते या कादंबरीत दोघा भावांची सोबत करते. शाळेने जी कथापरंपरा पुसू पाहिली, तीच येथे शाळेची हकीकत सांगण्याचे माध्यम झाली आहे.

यानंतरच्या पिढीत ओजि-क्री लेखक जोशुआ व्हाइटहेड यांचे नाव घ्यावे लागेल. त्यांच्या ‘जॉनी ॲपलसीड’ (२०१८) या कादंबरीतील तरुण शहरात देहविक्रय करून जगतो आणि सावत्र वडिलांच्या अंत्यविधीसाठी गावी परतण्याची तयारी करतो. त्याची आजी त्यास जसा आहे तसा स्वीकारणारी आहे. तिच्या आठवणीवरच तो उभा आहे. या कादंबरीस २०२१ साली ‘कॅनडा रीड्स’ या राष्ट्रीय वाचनस्पर्धेत प्रथम स्थान मिळाले. याच लेखकाने २०१८ साली आपल्या कवितासंग्रहास मिळालेले एका प्रतिष्ठित पुरस्काराचे नामांकन परत केले. ते नामांकन पारलिंगी कवितेच्या वर्गात होते, आणि आपली ओळख त्या वर्गात बसत नाही, ती आपल्या लोकांच्या परंपरेतून आली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सन्मानासाठीही दुसऱ्याने दिलेले नाव घेणार नाही, अशी ही भूमिका आहे.

दोन सावधगिरीच्या सूचना

या वाङ्मयाचा गौरव करताना दोन गोष्टी नजरेआड होऊ नयेत. पहिली अशी की, पूर्वकाळी सर्व जमातींमध्ये अशा व्यक्तींचा सन्मानच होत असे, असे म्हणण्यास आधार नाही. काही ठिकाणी मान होता, काही ठिकाणी थट्टा होती, काही ठिकाणी दोन्ही. सुवर्णयुगाची कल्पना ही आपल्या देशात कोणत्या उपयोगास आली, हे जाणणाऱ्यांनी परक्या देशातील सुवर्णयुगही तपासून घ्यावे.

दुसरी गोष्ट अधिक कठोर आहे. २००५ साली नवाहो राष्ट्राच्या परिषदेने समलिंगी विवाहास मान्यता नाकारणारा कायदा केला; राष्ट्राध्यक्षांनी तो नाकारला असता परिषदेने त्यांचा नकार रद्द ठरविला. ज्या भाषेत ‘नाद्लेही’ हा शब्द आहे, त्याच भाषेच्या लोकांनी परंपरेच्या नावाने हे केले. स्वतः पीडित असलेला समाज आपल्यातील अल्पसंख्य पीडितांविषयी आपोआप न्यायी होत नाही. एस्सेलेन वंशाच्या लेखिका डेबोरा मिरांडा यांनी २०१० सालच्या एका निबंधात कॅलिफोर्नियातील अशा व्यक्तींचा इतिहास मांडला. स्पॅनिश लोक त्यांना ‘होया’, म्हणजे ‘रत्न’, म्हणत. मृतांचे अंत्यसंस्कार करणे हे त्यांचे काम होते. त्यांचा उच्छेद झाला त्याच काळात रोगराईने माणसे मोठ्या संख्येने मरत होती आणि मृतांना योग्य निरोप देणारेच उरले नव्हते. एका गटाचा नाश हा सबंध समाजाचा नाश कसा ठरतो, हे यावरून कळते.

पालि वाङ्मयातील साक्ष

जी कसोटी आम्ही इतरांच्या ग्रंथांस लावली, ती आपल्या ग्रंथांस लावणे क्रमप्राप्त आहे. पालि वाङ्मयात या विषयाशी संबंधित असे तीन प्रकारचे उल्लेख आढळतात व ते परस्परांशी जुळणारे नाहीत.

विनयपिटकातील पाराजिक पालीमध्ये एका भिक्खूच्या ठिकाणी स्त्रीलिंग प्रकट झाल्याची हकीकत आहे. भिक्खूंनी ती तथागतांस सांगितली. त्या व्यक्तीचे पूर्वीचेच उपाध्याय, पूर्वीचीच उपसंपदा आणि पूर्वीचेच वर्षावास गणून तिने भिक्खुणीसंघात राहावे, अशी अनुज्ञा तथागतांनी दिली. भिक्खुणीच्या ठिकाणी पुरुषलिंग प्रकट झाले तरी हाच नियम. निंदेचा एकही शब्द तेथे नाही. शरीर बदलले म्हणून साधनेची वर्षे वाया गेली नाहीत.

धम्मपदाच्या अट्ठकथेत चित्तवग्गाच्या संदर्भात सोरेय्य नगराच्या श्रेष्ठिपुत्राची कथा येते. महाकच्चायन थेरांचे रूप पाहून मनात विकार येताच तो स्त्री झाला, तक्षशिलेस गेला, तेथे विवाह करून दोन मुलांची माता झाला. पूर्वी सोरेय्य येथे तो दोन मुलांचा पिता होता. पुढे थेरांची क्षमा मागून तो पुन्हा पुरुष झाला व प्रव्रजित झाला. लोक त्यास विचारीत, चार मुलांपैकी अधिक माया कोणावर? पोटी जन्मलेल्यांवर, असे तो प्रथम सांगे. अर्हत्पद लाभल्यावर मात्र आपली आसक्ती कोठेच उरली नाही, असे तो सांगू लागला. कथा अट्ठकथाकाराची असली तरी पितृत्व आणि मातृत्व दोन्ही भोगलेल्या माणसास येथे बोलू दिले आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे.

याउलट महावग्गामध्ये पण्डक व उभतोब्यञ्जनक यांस उपसंपदा देऊ नये, असे नियम आहेत. थेरीगाथेतील इसिदासीच्या गाथांत, पूर्वजन्मी केलेल्या परस्त्रीगमनाचे फळ म्हणून ती एका जन्मी दासीच्या पोटी, ना स्त्री ना पुरुष अशा देहाने जन्मली, असे सांगितले आहे. हे उल्लेख झाकून ठेवणे विद्वत्तेस शोभणारे नाही. जन्माने मिळालेला देह हा पूर्वकर्माचा दंड आहे, ही कल्पना आपल्या वाचकांस अनोळखी नाही. अस्पृश्यतेच्या समर्थनार्थ हीच कल्पना शतकानुशतके वापरली गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रकाशित झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात, गरिबांच्या व दलितांच्या दुःस्थितीचे खापर त्यांच्या पूर्वजन्मावर फोडणारा सिद्धांत हा समाजाची जबाबदारी टाळण्यासाठी आहे, असे प्रतिपादन करून तो नाकारला. तो एका माणसासाठी नाकारावयाचा आणि दुसऱ्यासाठी राखून ठेवावयाचा, हे तर्कास धरून नाही. इसिदासीच्या गाथेतील तो देह लाभलेल्या माणसाचे स्वतःचे कथन आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही. तेथे आपल्यापाशीही केवळ नोंदच आहे.

एकाच कायद्यातील दोन भाग

आपल्या देशातही या दोन इतिहासांची गाठ एका कागदावर पडलेली आहे. १८७१ सालचा गुन्हेगार जमाती कायदा वाचकांस ठाऊक आहे. परंतु त्या कायद्याचे दोन भाग होते, हे क्वचितच सांगितले जाते. पहिल्या भागाने अनेक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरविले. दुसऱ्या भागाने, तो जेथे लागू झाला तेथे, हिजडा समाजातील व्यक्तींची नोंदवही ठेवण्याची तरतूद केली आणि स्त्रीवेषात सार्वजनिक ठिकाणी वावरणे व नाचगाणे करणे दंडनीय केले. भटक्यांची वस्ती आणि तृतीयपंथीयांचा वेष, दोन्ही एकाच राज्यकर्त्यास एकाच वेळी धोकादायक वाटले.

पहिल्या भागात नोंदल्या गेलेल्या लोकांच्या वंशजांनी महाराष्ट्रात स्वतः लेखणी उचलली. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण आहे. पोलिसांच्या नोंदवहीला दिलेले ते उत्तर होते. भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांनी ‘स्टेज’ या कवितेत, आमचे दुःख आम्हांला खाली बसवून इतरच मंचावरून सांगतात, ही व्यथा मांडली. दुसऱ्या भागातील लोकांचे कथन उशिरा आले. तमिळ भाषेत लिव्हिंग स्माइल विद्या यांचे आत्मकथन २००७ साली प्रसिद्ध झाले. दलित असणे आणि पारलिंगी असणे या दोन्ही गोष्टी एकाच आयुष्यात त्यांनी सोसल्या. पुढे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या ओळखीस मान्यता दिली आणि २०१८ साली समलिंगी संबंध गुन्हा ठरविणारी तरतूद प्रौढांच्या संमतीच्या मर्यादेत रद्दबातल ठरविली. कायदा बदलला, घर आणि वस्ती यांतील वागणूक कायद्याच्या वेगाने बदलत नसते.

समारोप

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. कोणत्याही गटाविषयी केवळ इतरांच्या नोंदी उपलब्ध असतील, तर त्या गटाचा इतिहास अपुरा समजावा. ते कथन नष्ट झाले असेल तेथे वंशजांनी रचलेली कथा-कविता ही साक्ष म्हणून विचारात घ्यावी. मात्र तिचीही चिकित्सा करावी. उत्तर अमेरिकेतील मूळनिवासी लेखकांनी हे काम अर्ध्या शतकात केले, आणि ते करताना ‘आधी जमातीचा प्रश्न, नंतर तुमचा’ हे सांगणाऱ्यांस त्यांनी दाद दिली नाही. बेथ ब्रँट यांच्या कथेतील दोन मातांपैकी कोणतीही एक मागे थांबू शकत नव्हती.

१९२० साली बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले, ते ज्यांच्याविषयी इतर वृत्तपत्रे बोलत नव्हती त्यांस स्वतःचा शब्द मिळावा म्हणून. त्या शब्दाचे मोल ज्या समाजाने जाणले, त्या समाजाच्या विहारात, वस्तीत आणि कुटुंबात असा एखादा मुलगा वा मुलगी आपली गोष्ट सांगू पाहत असेल, तर तेथे तिला ऐकणारा असला पाहिजे. आपल्या संस्थांनी अशा व्यक्तींच्या मौखिक कथनांचा संग्रह करावा आणि विनयातील संबंधित स्थळांचा सटीप मराठी अनुवाद हाती घ्यावा, अशी आमची सूचना आहे. बोलणारे हयात आहेत तोवर हे काम झाले पाहिजे. नंतर हाती राहतील त्या पुन्हा इतरांच्या नोंदीच.